ओढ्यातला पुकारा

ऐका. शेंगा फोडत ऐका, पण टरफलं चुलीपाशी टाकू नका. हां, तर पहिला कोंबडाबी आरवला नव्हता आन् मी घराबाहेर पडले. एकटी. फडक्यात भाकरी, काखेत कागदांची पिशवी. तालुक्याला कोर्टात तारीख होती माझी. आदल्या सांजंला यष्टी बंद पडलेली, मग चालत जायचं, न्हाईतर काय.

तारीख कसली म्हणताय? ह्याच घराची. तुमचे आजोबा वारले आन् थोरल्या दिरांनी दावा लावला. म्हणाले, घर माझं एकट्याचं, बाईनं बाहेर पडावं. पदरात दोन लेकरं माझ्या. वकील म्हणाला होता, "इठाबाई, ह्या खेपेला गैरहजर ऱ्हायलात तर एकतर्फी निकाल लागंल. घर गेलं समजा." मागल्या तारखेला मी पाणी प्यायला गेले आन् नेमका तेवढ्यात पट्टेवाल्यानं पुकारा केलेला. वकिलानं लई झापलं. नाव पुकारलं की पहिल्या हाकेला ओ द्यायची. पाच वर्षं कोर्टात तेवढंच शिकले बघा.

आन् रातीचा कायदा उलटा. अंधारात कुणी नावानं हाक मारली, तर तीन हाका झाल्याबिगर ओ द्यायची न्हाई. मला काय ठाऊक नव्हतं व्हय? पण जीव तारखेत अडकलेला.

लांबचा वळसा सोडला आन् ओढ्यातली मधली वाट धरली. तीच चूक. आधी नुसता दिवा दिसला. म्हटलं, धनगर असंल कुणी. दिवा म्होरं म्होरं सरकतोय. मी थांबले की तोबी थांबतोय. मग मागं पावलं वाजली, माझ्या पावलावर पाऊल. आन् मग, ऐका, हुबेहूब कोर्टातल्या पट्टेवाल्याचा आवाज.

"इठाबाई भ्रतार ज्ञानू शेलार, हाजिर हैऽऽ"

आन् मी काय केलं? "हजर, साहेब," म्हणाले. पहिल्याच हाकेला. हसू नका गं.

ओ दिली आन् पाय माझे ऱ्हायले न्हाईत. समोर कोर्ट उभं. पायऱ्या, लिंबाचं झाड, झाडाखाली काळे कोट घातलेली माणसं. एकालाबी तोंड न्हाई. पट्टेवाला बोलावतोय, चला बाई, वर चढा. मी चढतेय. पायरीवर पाणी कसं, असं मनात आलं, पण पाय थांबंनात. छातीला पाणी लागलं.

तेवढ्यात मागनं कुणीतरी माझा बुचडा धरून हिसडा दिला. काठावर आपटले मी. बघते तर थोरले दीर. त्यांचीबी तीच तारीख, तीच घाई. आन् समोर कोर्ट न्हाई, काय न्हाई, नुसता काळा डोह. आमच्यात थोरल्या दिरानं भावजयीला हात लावायचा न्हाई, त्यात आम्ही दाव्यातले वैरी. पाच वर्षं एक शब्द नव्हता आमच्यात. गप उभे ऱ्हायले असते तर घर आयतं मिळालं असतं त्यांना.

खांद्यावरचं घोंगडं त्यांनी माझ्या अंगावर टाकलं. "चल. मागं बघू नगंस," म्हणाले. मागनं हाका येतच होत्या, माझ्या लेकरांच्या आवाजात. मी त्यांच्या टाचा बघत चालले.

कोर्टात पोचलो. पुकारा झाला. आन् माझी वाचाच बसलेली. तोंड उघडतेय, आवाज फुटंना. वकील दुसऱ्या साहेबांपुढं अडकलेला. दुसरा पुकारा झाला, तिसरा झाला. घर चाललं माझं. तर बाकावरनं थोरले उठले, हात जोडले आन् म्हणाले, "हजर हाय, साहेब. ही काय, माझी भावजय. भ्यालीय, म्हणून बोलंना."

साहेबांनी चष्म्यावरनं बघितलं. "तुम्ही तर विरुद्ध बाजूचे ना?"

"व्हय जी. भांडण हाय आमचं. पण हजर हाय ती."

केस काय त्यांनी सोडली न्हाई हां. आणखी दोन वर्षं हट्टानं भांडले आन् हरले. पण दर दिवाळीला फराळाचं पहिलं ताट मी त्यांच्या दारी नेलं, ते गेले त्या सालापतुर. ह्या चुलीत जाळ हाय तो त्यांच्यामुळं. सकाळी उठून देवाच्या आधी मी त्यांचं नाव घेते.

तर पोरांनो, अंधारात ओढ्यातली मधली वाट धरायची न्हाई. कितीबी निकड असू द्या. वळसा घालून जायचं. तुमच्या मागनं यायला आता थोरले न्हाईत.