कोंबडीवरून अबोला

मेडेलिनच्या डोंगरावर चढणाऱ्या रोपवेत समोर दोन बायका बोलत होत्या आणि अंपारोचे कान त्यांच्याकडेच लागले होते.

"नुबियाताई, पुराचा भोंगा बसवला का हो पालिकेने तुमच्या वस्तीत?"

"कसला बसवतात! ओढा चढला की एकीने दुसरीचं दार बडवायचं, असं आम्हीच ठरवलं. माझ्या वाट्याला नेमकं ओतिलियाचं दार."

"तुमची कोंबडी चोरली म्हणून जिच्याशी तुम्ही अबोला धरलात, ती?"

"तीच. रविवारी पाणी चढलं. गेले, दार बडवलं, पण तोंडातून शब्द काढला नाही."

"आणि ती?"

"आली, माझ्या आईला पाठुंगळीला घेतलं नि चढण चढून गेली. तीही गप्पच."

"मग मिटलं की!"

"मिटतंय कसलं? आधी कोंबडी कबूल करू दे."

"आई कुठे आहेत आता?"

"तिच्याकडेच. आमच्या घरात अजून गाळ आहे ना. रोज कोंबडीचं सूप पाजतेय तिला, मेली!"