अडतिसावा सेकंद

...नाही, तुम्हीच सांगा, तीन वर्षं मी परदेशात राहून पत्रकारिता कशासाठी शिकले? मला वाटलं होतं, परत येईन, बातम्यांच्या चॅनेलमध्ये लागेन, आणि पहिल्याच दिवशी कुणीतरी म्हणेल, जा, सत्तेवरच्या लोकांना प्रश्न विचारून ये. मी वही घेऊन गेले होते, प्रश्न लिहिलेली, क्रमांक घातलेली. आणि प्रत्यक्षात संपादकांनी माझ्या हातात काय ठेवलं? स्टॉपवॉच. धावण्याच्या शर्यतीत असतं ना, गळ्यात अडकवायच्या दोरीसकट, तसं.

"समतोल," संपादक म्हणाले. आमच्याकडे त्यांना सगळे समतोल सरच म्हणतात, खरं नाव बहुतेक घरच्यांनाही आठवत नसावं. "कुठलीही बातमी असो, सदतीस सेकंद यांच्या पक्षाला, सदतीस सेकंद त्यांच्या पक्षाला. एक सेकंद इकडचा तिकडे झाला की फोन येतात."

म्हटलं, सर, आणि ज्याची बातमी आहे त्याला किती?

"उरले तर देतो की," सर म्हणाले. माणूस वाईट नाही हो. पण उरले तर!

बरं, मी म्हटलं, नवी आहे, शिकू. शिकले. दोन महिने शिकले. आणि मग मावशीचा फोन आला.

मावशीची लाँड्री आहे. मोठी मशीन दोन, इस्त्रीचं टेबल एक, आणि समोरच्या नर्सिंग होमच्या सगळ्या चादरी तिच्याकडे. माझं शिक्षण त्या चादरींवर झालंय, हे मला तिने कधी ऐकवलं नाही, म्हणून तर जास्त लक्षात आहे. तर मावशी म्हणाली, "अगं, तीन आठवडे झाले, नळाला तांबडं पाणी येतंय. पांढरी चादर टाकली की बाहेर येते ती कुणीतरी चहात बुडवल्यासारखी. नर्सिंग होमची मेट्रन म्हणाली, शुक्रवारपर्यंत नीट झालं नाही तर काम दुसरीकडे. तू बातम्यांत आहेस ना? मग दाखव की."

तुम्हाला सांगते, मला इतका आनंद झाला! मावशीवर संकट आणि मला आनंद, पण कारण समजून घ्या. हीच ती बातमी, जिच्यासाठी मी परत आले होते. बुधवारी सकाळीच कॅमेरा घेऊन पोहोचले. चादरींची दृश्यं, नळाची दृश्यं, मावशी एका हातात तांबड्या पाण्याचा जग आणि एका हातात उशीचा अभ्रा घेऊन उभी, मागे मशीन गडगडतंय. आणि कोपऱ्यावर पाइपवाले मिस्त्रीकाका भेटले, पालिकेचे, पंचवीस वर्षं याच गल्ल्यांचे पाइप बघणारे. ते म्हणाले, "ताई, हा इथला सहा फुटांचा तुकडा आतून गंजलाय, मी निवडणुकीआधीच कळवलं होतं. गोदामात नवा पडून आहे. अर्ध्या दिवसाचं काम. फक्त वरून सही हवी."

मग सही का होत नाही?

"करणार कोण? जुने म्हणाले, आता निवडणूक आहे, नवे करतील. नवे निवडून आले, ते म्हणाले, पाइप जुन्यांच्या काळात गंजला, त्यांना विचारा."

बघा, संपूर्ण बातमी एका माणसाने दोन वाक्यांत सांगितली. मी धावतच ऑफिसात. दोन मिनिटांची बातमी कापून तयार केली, समतोल सरांना दाखवली. सर शेवटपर्यंत बघत राहिले, चष्मा काढला, म्हणाले, "सुंदर. पक्ष कुठे आहेत?"

म्हटलं, सर, यात पक्ष नाहीत, पाइप आहे.

"सदतीस-सदतीस टाक. निवेदिकेला वीस. सगळं मिळून शंभर सेकंदांच्या आत. आणि हा मिस्त्री कुठल्या पक्षाचा?"

पालिकेचा नोकर आहे, सर.

"मग त्याला काढ, तो कुणाच्या वाट्यातून मोजणार?"

मिस्त्रीकाका गेले. चादरी गेल्या. मावशी उरली, चार सेकंद, फक्त जग धरलेली. आणि नळाला अजून तांबडंच पाणी.

आता ऐका, खरी गंमत पुढे आहे. गंमत म्हणजे मला तेव्हा घाम फुटला होता. बातमी सहाला जाणार, साडेपाच वाजलेले, दोन्ही प्रवक्त्यांचे फोन बंद. मी म्हटलं, आता? शेजारचा संकलक खुर्ची न वळवता म्हणाला, "तयार प्रतिक्रिया घे ना." तयार प्रतिक्रिया? हो. आमच्याकडे कॉम्प्युटरवर दोन फोल्डर आहेत. एकाचं नाव 'सत्ताधारी', दुसऱ्याचं 'विरोधक'. त्यात दोन्ही प्रवक्त्यांच्या आधीच घेतलेल्या क्लिपा, कुठल्याही बातमीला चालतील अशा. सत्ताधारी म्हणतो, "काम युद्धपातळीवर सुरू आहे, विरोधकांनी राजकारण करू नये." विरोधक म्हणतो, "ही जनतेची क्रूर थट्टा आहे, सत्ताधाऱ्यांनी राजीनामा द्यावा." पूर असो, पूल असो, परीक्षेचा निकाल असो. चालतं.

मी नाक मुरडलं. माझा नव्वद पानी प्रबंध आहे हो, बातमीतल्या प्रामाणिकपणावर. पण मावशी डोळ्यांसमोर, शुक्रवार डोळ्यांसमोर, घड्याळ तर गळ्यातच. घेतल्या क्लिपा. एक सदतीसची कापली. दुसऱ्याचा 'राजीनामा द्यावा' मधला 'द्यावा' अर्धा तुटत होता, इतक्या तळमळीने बोलत होता बिचारा, मी माणुसकीने तो पूर्ण होऊ दिला. अडतीस झाले.

सहाला बातमी गेली, पडद्यावर नावांखाली पक्ष झळकले आणि मी जागच्या जागी गार पडले. कारण निवडणूक झाली, सत्ता बदलली, सगळं बदललं, फोल्डरची नावं मात्र कुणी बदलली नव्हती! आणि सत्ता बदलली तेव्हा मी तिकडे परदेशात प्रबंधाची शेवटची पानं लिहीत होते, मला चेहरे कुठे पाठ? आल्यापासून दोन महिने मी चेहरे नाही, घड्याळच बघत होते. म्हणजे झालं काय, आज सत्तेवर बसलेला माणूस पडद्यावर मुठी आवळून सत्ताधाऱ्यांचा राजीनामा मागतोय, आणि सत्ता गेलेला माणूस शांतपणे सांगतोय, काम युद्धपातळीवर सुरू आहे.

मी वही उघडून राजीनामा लिहायला घेतला. माझा. सव्वासहाला फोन वाजला. सत्ता गेलेल्या पक्षाचा प्रवक्ता. मी डोळे मिटले.

"मॅडम, हा काय प्रकार आहे? आम्हाला सदतीस आणि त्यांना अडतीस?"

म्हटलं, साहेब... आणि तुम्ही जे बोललात ते?

"बोललो ते ठीकच आहे, नेहमीचंच आहे. एक सेकंद कुठे गेला?"

ठेवला फोन, लगेच दुसरा. सत्ताधारी प्रवक्ता. म्हटलं, हा तरी ओरडेल, स्वतःचाच राजीनामा मागितलाय याने. तर म्हणतो कसा, "मॅडम, क्लिप जुनी वापरलीत. त्यात आमचा चष्मा पूर्वीचा आहे. लोकांना वाटेल, आम्हाला नवा परवडत नाही."

बस्स. एवढंच. दोघांनाही आपण काय बोललो हे ऐकायची सवयच नाही हो! आणि बघणाऱ्यांना? चॅनेलला तीनशे संदेश आले. निम्मे म्हणाले, तुम्ही यांना विकले गेलात, निम्मे म्हणाले, त्यांना. त्यातल्या एकानेही लिहिलं नाही की बाई, माणसं उलटी लागलीत.

मग आठ वाजता चर्चा ठेवली. कशावर? पाण्यावर? छे. विषय होता: 'एका सेकंदाचा पक्षपात'. पडद्यावर सहा चौकोन, सहा तोंडं, सगळी एकदम उघडी. "तुम्ही सत्तर वर्षांचं बोला," "आधी तुम्ही कालचं बोला," "मला मध्ये तोडू नका," "मी तोडत नाहीये, तुम्हीच तुटताय." समतोल सर काचेमागे स्वतः घड्याळ घेऊन उभे, चेहऱ्यावर काय समाधान! पन्नास मिनिटं. पाणी हा शब्द दोनदा आला. एकदा निवेदिकेने प्यायला मागितलं तेव्हा. आणि नळाला अजून तांबडंच पाणी.

चर्चा संपल्यावर मावशीचा फोन. इस्त्री करता करता बघत होती. "अगं, एक विचारू? तो सहाच्या बातम्यांत सरकारवर ओरडत होता, तो स्वतःच सरकार आहे ना?"

सगळ्या शहरात एक बाई, हो. एक. तिला मी चार सेकंद दिले होते.

"आणि तुझी चूक असेल तर असू दे," म्हणाली, "पण गल्लीत भांडण लागलंय. वरच्या मजल्यावरचे म्हणतात, पाणी तुमच्या लोकांमुळे तांबडं. खालचे म्हणतात, आम्ही बघतो त्या चॅनेलवर तर स्वच्छ दाखवलं. दोघांच्याही बादल्या मीच बघितल्यात गं. बरं, परवा शुक्रवार आहे. मेट्रनला काय सांगू?"

म्हटलं, सकाळी सांगते. नव्वद पानांत कुठेच नव्हतं ते.

राजीनामा मी पूर्ण केला. अडीच पानं. झोपले. सकाळी उठून स्वच्छ मनाने वाचला, आणि मला दिसलं की तो समतोल सरांनी वाचला तर म्हणतील, सुंदर, आणि दुसऱ्या पक्षाची प्रतिक्रिया टाकतील. तेव्हा मी ठरवलं. राजीनामा घडी घालून वहीत ठेवला आणि तीन फोन केले.

पहिला मिस्त्रीकाकांना. काका, गोदामातला तुकडा घेऊन दहा वाजता कोपऱ्यावर या. "आणि सही?" म्हटलं, सही चालत येईल.

दुसरा सत्ताधारी प्रवक्त्याला. साहेब, दहा वाजता पाइप बदलतोय, सहीचा कागद घेऊन जो शेजारी उभा असेल त्याला आज अडतीस सेकंद. नवा चष्मा घालून या.

तिसरा दुसऱ्याला. साहेब, ते येतायत. ते आलेच नाहीत, कागदच नाही आला, तर तुम्ही खड्ड्यापाशी उभं राहून कालचा सेकंद परत घ्या.

दोघेही एकच वाक्य म्हणाले, "निघालोच."

मी! जिने प्रबंधात लिहिलंय की पत्रकाराने बातमी घडवू नये! मी गळ्यात स्टॉपवॉच अडकवून मावशीच्या दारात उभी, कोपऱ्याकडे नजर लावून. मावशीने सगळं ऐकून घेतलं, चादरींचा गठ्ठा मशीनपाशी ओढला आणि म्हणाली, "हे सगळं ठीक, पण तुझ्या त्या तत्त्वांचं काय गं?"

म्हटलं, मावशी, याच गठ्ठ्यात टाक. फक्त आधी स्वच्छ पाणी येऊ दे.