जावयाचा दुपट्टा अन् माहे तीन कम्प्युटर

...नाही, मी म्हणतो, तीन कम्प्युटर एका दुकानात, मधात वीतभर जागा नाही, अन् तरी एकमेकाशी बोलत नाही, याले काय म्हणायचं? आमच्या प्रताप नगरात कोर्टात भांडलेले भाऊसुद्धा दिवाळीले एकमेकाच्या घरी फराळाचं ताट पाठवते. यायच्यात तेवढीही लाज नाही.

तुम्हाले सांगतो, लग्नाचे फोटो-व्हिडिओ काढायचा धंदा आहे माहा. पोरगा अंकित, त्याले मॅकच पाहिजे. "बाबा, त्याच्यात कलर बरोबर समजते." म्हणजे इतके वर्षं मी काय डोळे मिटून फोटो काढत होतो? पुतण्या गौरांग, तो लिनक्सवाला. "काका, याच्यात व्हायरस नाही येत." येईन कशाले, जिथं माणूस जात नाही तिथं व्हायरस जाऊन काय करन? अन् मी विंडोजवाला, म्हणजे दोघायच्याही हिशेबानं अडाणी. तर या गौरांगनं एक डबा बनवला. स्क्रीन नाही, काही नाही, कोपऱ्यात नुसता घूं घूं करते. गावभराचे लग्नं त्याच्या पोटात. म्हणे, फोल्डर शेअर केला, आता कोणत्याही कम्प्युटरवर उघडा. वा. दिसून राह्यला, उघडून नाही राह्यला.

आता परवा मौद्याचे चंपतराव आले, घामाघूम. त्यायच्या खुशीचं लग्न आम्हीच शूट केलं. त्या दिवशी तिची मांडवपरतणी, पोरगी लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी येणार, घरी वडे तळून तयार, अन् बुटीबोरीहून सासरचा फोन... पोरगी पाठवत नाही. काहून? तर तिकडचे मोठे जावई, म्हणजे खुशीच्या नणदेचा नवरा, रुसले. "मांडवात साऱ्याले दुपट्टा-नारळ देल्लं, मलेच नाही देल्लं."

चंपतराव म्हणे, "माह्या हातानं टाकला गा त्यायच्या गळ्यात. तुमच्या व्हिडिओत असनच, मारोतराव. तेवढं दाखवा त्यायले, माही पोरगी वाट पाहून राह्यली."

मी म्हटलं, बसा, ही काय मोठी गोष्ट आहे. फोल्डर समोरच, 'खुशी लग्न'. क्लिक केलं, तर नाव विचारते, पासवर्ड विचारते. माह्याच दुकानात, माह्याच लाइटवर चालते, अन् मलेच विचारते तुम्ही कोण! नाव सांगितलं, जन्मतारीख सांगितली, गोत्रही सांगितलं असतं... नाही. मॅकवर गेलो, तिथं फोल्डरले लाल पाटी, म्हणे तुम्हाले परवानगी नाही. दिसून राह्यला, उघडून नाही राह्यला.

गौरांग आपला कम्प्युटर घेऊन शूटवर गेलेला, त्याले फोन लावला. "काका, माहं सेटिंग बरोबर आहे, मॅकनं अपडेट मारला असन." इकडे अंकित कंबरेवर हात ठेवून, "त्याले म्हणा, चार माणसं वापरते तसं काही वापरत जाय." अरे, बाप डोळे पुसून राह्यला, पोरगी तिकडे बॅग भरून बसली, अन् हे दोघं कोणाचा कम्प्युटर सोवळा याच्यावर कीर्तन करून राह्यले. दोघायच्याही शिक्षणाची मले त्या दिवशी किळस आली, खरं सांगतो.

शेवटी अंकितनं डबा खोलला, आतली डिस्क काढली अन् माह्या विंडोजले लावली. तर तो काय म्हणते माहीत आहे? फॉर्मॅट करू काय? म्हणजे ओळख ना पाळख, पयलेच पुसून टाकू काय! अन् चंपतराव मागून म्हणते, "जे म्हणते ते करून टाका न, लवकर." असा हात धरला मी त्यायचा... सारे लग्नं मोडले असते एका बटनानं. आता तर दिसूनही नाही राह्यला.

चंपतराव उठले. "राहू द्या तुमचे कम्प्युटर." चौकातून नवा दुपट्टा घेतला, नारळ घेतलं, मले गाडीत कोंबलं, कॅमेऱ्यासकट. बुटीबोरीत जावई दिवाणावर भिंतीकडे तोंड करून बसलेले. चंपतरावनं दुपट्टा टाकला, नारळ देल्लं, हात जोडले. झालं. जावई लगेच वळले, "माही तशी काही नाराजी नव्हती." नव्हती म्हणे! खुशी कोणाले न विचारता बापाचा हात धरून गाडीत जाऊन बसली, त्याच्या खांद्यावर डोकं टेकून.

मी निघालो, तर जावई दुपट्टा सारखा करत म्हणते, "या बारीचा फोटो काढला न, मारोतराव? मले पाठवजा बरं."

कॅमेराच देल्ला त्यायच्या हाती. म्हटलं, जवाईबापू, जितकं पाहाचं तितकं आता इथंच पाहून घ्या. एकदा का माह्या दुकानात गेला, मंग मलेही भेटत नाही.