छकुलीची लस

मेहकरहून चिखलीच्या गाडीत माझ्या पुढच्या बाकावर दोघी बसल्या होत्या. तरणीच्या मांडीवर लेकरू झोपलं होतं.

"पूनम, गावच्या दवाखान्यात तूच तं लेकरायले लस टोचतं. मंग छकुलीले चिखलीले काऊन नेऊन राह्यली?"

"आपल्याकडं लसीचा फ्रिज बंद पडला होता, मावशी. सारी लस खराब झाली."

"डॉक्टरले नाही सांगतलं?"

"सांगतलं ना. ते म्हणे, फेकली तं चौकशी लागन. गुपचूप टोचून दे."

"अन् तू?"

"माही नोकरी कच्ची हाये, मावशी."

"अवं, पण परवा माह्या हर्षलले तूच टोचलं!"

"हाव."

"निंघतानी सांगतलं असतं तं त्यालेही सोबत आणलं असतं."

"मंग साऱ्या गावाले मालूम पडलं असतं, मावशी."