दोन जाग्या तोफा

मंडळी, ऐका! आख्यानाला हात घालण्याआधी एक सवाल टाकतो. तोफ उडाली, समोरचं माणूस मेलं — पाप कुणाच्या माथी? तोफ ओतली त्याच्या? विकली त्याच्या? विकत घेतली त्याच्या? की बत्ती दिली त्याच्या?

हां! पुढच्या रांगेतले तात्या म्हणतात, बत्ती देणाऱ्याच्या. वा तात्या, शाळेत असता तर पास झाला असता! पण समजा — बत्ती कुणी दिलीच नाही, आणि तरी तोफ उडाली. मग हो? आता का खाली बघताय? पेटीवाले, सूर जरा धरून ठेवा. गोष्ट थंडगार आहे. ज्यांनी शाल आणलीय त्यांनी ती पांघरून घ्यावी.

तर काय झालं — कोकणात एक खाडी होती. अलीकडे कातळगड, पलीकडे माडगड. मध्ये पाणी इतकंच, की इकडून हाक मारली तर तिकडून ओ यावी! खाडीच्या मधोमध एक खडक, त्याला कालवं लागायची. खायची कालवं हो, शिंपल्यातली! त्या कालवांवरून हे दोन गड सात पिढ्या भांडत होते. कशानं? तोंडानं! ओहोटीला एकमेकांच्या होड्या अडवायच्या, एकमेकांच्या पूर्वजांचा उद्धार करायचा, आणि भरती आली की घरी जाऊन जेवायचं. शिव्या द्यायच्या तिकडे, आणि लेकीही द्यायच्या तिकडेच! असं सगळं झकास चाललं होतं.

कातळगडाला रवळोजी नावाचा एक दुभाष्या होता. म्हणजे गलबतावरच्या टोपीकर व्यापाऱ्याची बोली आपल्या लोकांना सांगायची, आपली त्याला सांगायची, आणि सौदा जुळवून द्यायचा. जीभ कशी? मधाळ! घरात बायको, दारात तुळस, आणि एकुलती एक लेक — आवडी. ती माडगडाला दिलेली. रोज सकाळी हा ओटीवर येऊन पलीकडे बघत उभा राहायचा. आवडी अंगणात यायची, हात हलवायची, आणि मग हा चूळ भरायचा. आधी लेक, मग चूळ! बापाचं काळीज, मंडळी. लेकीवर त्याचा फार जीव होता.

एका वर्षी पावसाळा सरता सरता टोपीकराचं गलबत खाडीत शिरलं. त्यात दोन तोफा. एकाच साच्यातल्या, जुळ्या! रवळोजीनं पहिली दाखवली कातळगडच्या किल्लेदाराला, खेळोजीरावांना. खेळोजीराव हसले. म्हणाले, "दुभाषे, हिचं काय करू? कालवं फोडू?"

रवळोजी जवळ सरकला. हळूच म्हणाला, "सरकार, पलीकडचे घेणार असं कानावर आलंय."

आलं होतं का कानावर? छे! पण खेळोजीरावांचं हसू मावळलं. तोफ बुरजावर चढली. दुसऱ्या दिवशी रवळोजी तरीत बसून पलीकडे माडगडच्या अंकुशरावांपुढे हजर! "सरकार, कातळगडानं तोफ घेतली हो." बघा गंमत! काल बोलला ते खोटं होतं, आज बोलला ते खरं होतं. आणि आजचं खरं व्हावं म्हणूनच कालचं खोटं! दुसरी तोफ माडगडावर चढली. दोन्हीकडून शेले मिळाले. दोन्ही खांद्यांवर एकेक शेला टाकून स्वारी घरी आली, आणि बायकोला म्हणाली, "कसा दिसतो?"

पुढे आली खंडेनवमी. आपल्याकडे काय करतात त्या दिवशी? हत्यारं पुजतात. गवंडी थापी पुजतो, शिंपी कात्री पुजतो, आमचे तबलजी हातोडी पुजतात. अक्षता वाहून म्हणायचं, ये बाई, यात येऊन बैस. हे झालं आवाहन. आणि दसऱ्याला उत्तरपूजा! पुन्हा अक्षता वाहायच्या, वस्तू जराशी हलवायची, आणि म्हणायचं — आता जा, सुखानं जा. बोलावलेल्याला निरोप द्यायचा असतो, मंडळी. पाहुण्यालासुद्धा देतो, मग देवीला नको?

कातळगडच्या तोफेवर अक्षता वाहण्याचा मान रवळोजीला मिळाला. तोफ त्यानं आणली होती ना! माडगडावर तोच मान मिळाला आवडीला, कारण ती त्याची लेक. इकडे बापाच्या हातानं शक्ती बसली, तिकडे लेकीच्या हातानं. शेंदूर, झेंडू, नारळ, सगळं यथासांग झालं.

दसऱ्याच्या सकाळी म्हातारा धर्मा गुरव तबक घेऊन आला. "रवळोजी, ज्या हातानं बसवली त्याच हातानं उठवायची. चला."

आणि इथे रवळोजीची अक्कल चालली! खेळोजीरावांना म्हणाला, "सरकार, उठवली की नुसतं लोखंड उरतं. आपली जागीच ठेवू. पलीकडे कळू दे, की आमची झोपत नाही!"

खेळोजीराव खूश! गुरवाचा चेहरा मात्र पांढराफटक पडला. म्हणाला, "नका हो असं करू. जागं ठेवलेलं दैवत भुकेजतं. आणि भूक लागली की ते बसवणाऱ्याच्या घरचं मागतं."

हसले सगळे! संध्याकाळच्या आत ही बातमी रवळोजीनंच पलीकडे पोचवली. मग माडगडानंही उत्तरपूजा केली नाही. टोपीकरानं गलबतावर गोडं पाणी भरलं, शिडं उभारली, आणि गेला. त्याला काय? त्याला पुढे आणखी खाड्या होत्या.

आता जरा जवळ सरका.

चौथ्या दिवशी पहारेकऱ्यानं पाहिलं — सगळा बुरूज दवानं ओला, तोफ कोरडी. हात लावला, तर तापकऱ्याच्या अंगासारखी गरम! पुढे ठेवलेला दहीभात वाटीसकट पुसून नेल्यासारखा नाहीसा झालेला. आसपास मांजर नाही, मुंगी नाही. बुरजावर पाखरू फिरकेना.

आठव्या दिवशी दिसलं, की तोफेचं तोंड चार बोटं सरकलंय. चाकांखाली दगड ठोकले. दुसऱ्या दिवशी दगड जिथल्या तिथे — आणि तोंड आणखी चार बोटं पुढे! गोलंदाजानं शपथ घेतली, की मी हात लावलेला नाही. खेळोजीराव म्हणाले, "बघ बघ, स्वतःच नेम धरते! लाख मोलाची आहे!"

रवळोजी मात्र कसनुसा झाला. तो तोफेमागे ओणवा झाला, एक डोळा मिटला, आणि नळीच्या रेषेत पलीकडे बघितलं. काय दिसलं? गड नव्हे. बुरूजही नव्हे. एक कौलारू घर, अंगणात वाळत घातलेलं भात, आणि ते भात पायानं सारखं करणारी आवडी!

ती डावीकडे गेली. लोखंड कुरकुरलं. ती उजवीकडे आली. पुन्हा कुरकुरलं. मंडळी, भर दुपारच्या उन्हात रवळोजीच्या पाठीवरून गार पाणी ओघळलं.

दोनच दिवसांनी तरवाल्याबरोबर आवडीचा निरोप आला. "बाबा, आमच्या तोफेचं तोंड आपल्या तुळशीवर आलंय. आई तिथे दिवा लावायला येते, तेव्हा ते हलतं. मला भीती वाटते. काहीतरी करा."

रवळोजी धावत गुरवाकडे! गुरव म्हणाला, "उपाय एकच, राहिलेली उत्तरपूजा. तुमची तोफ तुमच्या हातानं, आवडीची तिच्या हातानं."

सोपं होतं की नाही? चिमूटभर तांदळाचं काम! पण खेळोजीराव म्हणाले, "आधी त्यांनी." पलीकडे अंकुशराव म्हणाले, "आधी त्यांनी." रवळोजी इकडून तिकडे, तिकडून इकडे! पाया पडला, शेले परत केले, खरं काय ते सगळं सांगून टाकलं, की सरकार, मी खोटं बोललो होतो, पलीकडचे तोफ घेणार नव्हते. खेळोजीराव काय म्हणाले असतील? "आता घेतलीय ना?" झालं! ज्या जिभेनं एका दिवसात भीती विकली, त्या जिभेला ती पंधरवडाभर परत घेता येईना.

शेवटी एकदाचं ठरलं. कार्तिकातल्या एकादशीला, सूर्य डोक्यावर आला की दोन्ही गडांवर एकाच वेळी शंख वाजवायचा, आणि शंखासरशी दोन्हीकडे अक्षता वाहायच्या.

एकादशी उजाडली. रवळोजी आंघोळ करून बुरजावर उभा. मुठीत कुंकवात भिजवलेले तांदूळ. तोफेत बार भरलेलाच! जागी तोफ रिकामी कोण ठेवतो? पलीकडच्या बुरजावर हिरव्या लुगड्यातली एक आकृती चढताना दिसली. आवडी! ती एकेक पायरी चढत होती, आणि इकडे तोफेचं तोंड एकेक बोट वर उचललं जात होतं. सगळ्यांनी पाहिलं. 

तेवढ्यात खेळोजीराव रवळोजीच्या कानाशी आले. "शंख वाजू दे. तू मूठ उघडू नकोस. आधी त्यांची झोपते का बघू."

हात धरला का हो त्याचा? नाही! तलवार उपसली का? नाही! नुसतं कानात सांगितलं. आणि रवळोजीच्या मनात आलं — खरंच, त्यांनी नाही वाहिल्या तर? माझी बायको, माझं घर त्या तोंडासमोर आहे. एक श्वास थांबू. त्यांची झोपलेली बघू, आणि मग वाहू. फक्त एक श्वास!

अरे, पण बघणार काय तू? झोपलेली तोफ आणि जागी तोफ, लांबून सारखीच दिसते रे!

शंख वाजला. पलीकडून शंख वाजला. रवळोजीनं मूठ आवळली.

बत्ती विझलेली होती. गोलंदाज दहा पावलं लांब होता. बत्तीच्या भोकातून धुराची एक बारीक रेघ निघाली... आणि तोफ उडाली!

सगळे जमिनीवर पालथे! डोकी हातात धरून पलीकडच्या तोफेची वाट बघू लागले. आता येईल. आता येईल. दहा श्वास झाले. वीस झाले. धूर खाडीवर पसरून विरला, पाणी शांत झालं. पलीकडून काहीही आलं नाही.

खेळोजीराव धूळ झटकत उठले. "बिघडली त्यांची! आपण जिंकलो!"

रवळोजी उठला नाही. त्याला कळलं होतं. पलीकडची तोफ बिघडली नव्हती, मंडळी. पलीकडची तोफ झोपली होती. तिला वेळेवर कुणीतरी झोपवलं होतं.

तो तरीत बसून पलीकडे गेला. माडगडचा बुरूज अर्धा ढासळलेला. तोफ थंडगार, पाठीवर लाल अक्षता. तिच्या पायथ्याशी हिरवं लुगडं. अंकुशराव दगडावर बसलेले. ते रवळोजीकडे न बघता म्हणाले, "मीही तिच्या कानात सांगितलं होतं, की पोरी, मूठ उघडू नकोस, आधी त्यांची झोपू दे. तिनं ऐकलं नाही. म्हणाली, 'पलीकडे माझा बाप उभा आहे, सरकार. तो वाहील.'"

...

पेटीवाले, थांबा जरा. राहू द्या शांतता.

तात्या, आता सांगा, पाप कुणाच्या माथी? बोला ना! टोपीकर तर गेला शिडं उभारून. आजही जातोच तो. गलबत नुसतं मोठं झालंय. या देशाला म्हणतो शेजारी घेणार आहे, त्या देशाला म्हणतो शेजाऱ्यानं घेतली. आणि आपण? चहा पिता पिता बातमी वाचतो — आपल्याकडे अमुक पल्ल्याचं आलं! — आणि मांडीवर थाप मारतो. खेळोजीराव दिल्लीतच बसतात असं समजू नका. परवा याच गावात एकानं बांधावर काटेरी तार घातली, म्हणून दुसऱ्यानं घातली, आणि सख्ख्या भावांची पोरं चार मैल वळसा घालून शाळेत जातात. मला नावं माहीत आहेत. समोर बसलीयत ती नावं!

तुम्ही म्हणाल, बुवा, आम्ही तयार आहोत, आधी त्यानं करावं. रवळोजीही तयारच होता हो! तांदूळ भिजवून, आंघोळ करून, अगदी तयार! एका श्वासानं राहिलं त्याचं. आणि लेक गेली!

चला, आता देवाचं नाव घेऊ. हात वर करा. टाळी वाजवायची, तर आधी मुठी उघडाव्या लागतात. उघडा!