चार मिलीमीटर

(हृदयाची तपासणी करायची खोली. एक सुतार डाव्या कुशीवर झोपला आहे. बसचालकाच्या गणवेशातली त्याची मुलगी खुर्चीत बसली आहे. तंत्रज्ञ बाई यंत्रापाशी.)

सुतार : म्हणजे परत तेवढंच?

तंत्रज्ञ : बोललात की चित्र हलतं, काका. श्वास सोडा आणि थांबा. हं. पहिल्यांदा चार मिलीमीटर होतं, सहा महिन्यांपूर्वी चार पूर्णांक दोन. आज चार.

मुलगी : म्हणजे हृदयाभोवती पाणी आहेच.

सुतार : आहे. नसतं तर हिनं विचारलं असतं, गेलं कुठं.

मुलगी : बाबा, ही थट्टेची गोष्ट नाही.

सुतार : थट्टा कुणी केली? बाई, मी इथं आजारी म्हणून आलोच नव्हतो. तुमच्या पाहणीतली माणसं दारात आली, म्हणाली, काही तक्रार नसलेले लोक हवेत. मी म्हटलं, असा तर मीच आहे. तपासून घरी गेलो तो काचेचं भांडं होऊन. हिनं त्याच दिवशी हत्यारांच्या पेटीला कुलूप घातलं. अकरा महिने झाले.

तंत्रज्ञ : पेटीला?

सुतार : पटाश्या, रंधे, करवती, सगळं आत. शाळेच्या वाचनालयाचं दोन झडपांचं दार माझ्याकडे आहे. एक झडप बसवलंय, दुसरं भिंतीला टेकून उभं आहे. मुख्याध्यापक बाई काल म्हणाल्या, सोमवारपर्यंत बघते, मग दुसऱ्याला देते. दुसरा येऊन माझ्या चौकटीत खिळे ठोकणार.

मुलगी : ठोकू देत.

तंत्रज्ञ : काका, उठा आता. हा कागद घ्या, छाती पुसा. ताई, तुमचाही अर्ज सकाळी भरलाय ना? घरातल्या आणखी एका माणसाची तपासणी असते. काका, तुम्ही पडद्यापलीकडे बसा.

मुलगी : माझं पटकन उरका. मला काही होत नाही.

तंत्रज्ञ : काही होत नसलेलीच माणसं आम्हाला लागतात. डाव्या कुशीवर. हे गार लागेल.

सुतार : बाई, एक विचारू? ते पाणी असतं कशाला?

तंत्रज्ञ : हृदयाभोवती पातळ पिशवी असते. आत थोडं पाणी असतंच, हृदय हलताना घासू नये म्हणून. तुमचं जरा जास्त दिसतं.

सुतार : मीही चौकटीत फट सोडतो. झडप घट्ट बसवलं तर दमट हवेत फुगून अडकतं. किती सोडायची ते लाकूड बघून ठरतं.

मुलगी : तुम्ही लाकूड नाही, बाबा. बाई, तुम्ही मघापासून एकाच जागी थांबलाय.

तंत्रज्ञ : मोजतेय.

मुलगी : काय?

तंत्रज्ञ : आमचा नियम असा, की दहाच्या आतला आकडा आपणहून सांगायचा नाही. कुणी विचारला तर लपवायचाही नाही.

मुलगी : विचारतेय.

तंत्रज्ञ : साडेतीन.

सुतार : साडेतीन काय?

मुलगी : तुम्ही ऐकू नका.

सुतार : पडदा कापडाचा आहे, सागवानी नाही.

मुलगी : परत मोजा.

तंत्रज्ञ : दोनदा मोजलंय. हे तिसऱ्यांदा. साडेतीन.

मुलगी : पण मला काही होत नाही. रोज आठ तास बस चालवते मी. तीन जिने चढून घरी जाते.

सुतार : मीही तेच सांगत होतो. अकरा महिने.

मुलगी : आईलाही काही होत नव्हतं. दोरीवर चादर टाकता टाकता गेली.

सुतार : माहीत आहे. ती चादर मी उचलली.

मुलगी : बाई, आईला हेच झालं होतं का?

तंत्रज्ञ : त्यांचं हृदय मी पाहिलेलं नाही, त्यामुळे सांगणार नाही. एवढं सांगते, असं पाणी दिसलेले तुम्ही दोघं या खोलीतले पहिले नाही. धाप लागली, छातीत दुखलं, चक्कर आली, पाय सुजले, तर त्याच दिवशी यायचं. बाकी डॉक्टर ठरवतील, दुपारी दोनला. काकांच्या मागच्या कागदावर त्यांनी लिहिलंय, काम चालू ठेवावं. तुम्ही वाचलंत?

मुलगी : लक्ष ठेवावं, असंही लिहिलंय.

सुतार : लक्ष म्हणाले. तू पहारा बसवलास.

मुलगी : बाई, तुम्ही सही करून द्याल? की यांना काही होणार नाही.

तंत्रज्ञ : माझी सही मोजमापाखाली असते. असल्या हमीवर इथं कुणाचीच सही मिळणार नाही.

सुतार : उद्या तुझी पाळी कितीची?

मुलगी : सव्वापाचची.

सुतार : जाणार?

मुलगी : डॉक्टर नको म्हणाले तर नाही.

सुतार : आणि जा म्हणाले तर?

मुलगी : तर जाईन. साठ माणसं थांब्यावर उभी असतात.

सुतार : हातात साडेतीनचा कागद घेऊन?

मुलगी : कळलं मला, बाबा. कशाला खोदताय?

सुतार : खोदत नाही. माझा कागद चारचा आहे. अर्ध्या मिलीमीटरवरून तू मला घरी बसवणार का, तेवढं सांग.

मुलगी : त्या दाराला शिडी लागेल?

सुतार : वरच्या बिजागरीला. दोन पायऱ्या.

मुलगी : पाळी एकला सुटते. दीडला शाळेत येईन. तोवर शिडीला हात लावायचा नाही. झडप उचलायचं ते दोघांनी.

सुतार : तुला उचलता येईल?

मुलगी : तुम्हालाच विचारते. तुम्हाला येईल?

सुतार : धापेचं काही वाटलं तर सांगेन. तूही सांगायचं.

मुलगी : सांगेन. पण आधी डॉक्टर. दोघांचेही कागद त्यांच्यासमोर ठेवायचे, मग बोलायचं.

सुतार : बरं. किल्ली?

मुलगी : ही घ्या. डब्याच्या पिशवीत असते.

सुतार : पिठाच्या डब्यापर्यंत शोधली मी. असो. आधी धार लावायला लागेल. अकरा महिन्यांत सगळं गंजलं असेल.

मुलगी : गंजलेलं नाही. दर रविवारी तुम्ही झोपलात की तेल लावत होते.