माहेरी गेली

हात ढिला सोड गं — आणि बोलू नकोस, कानाला हे लावलं की मला ठोके नीट ऐकू येत नाहीत. खारबावला निघालीस, आजच? सातवा लागला, ओटी भरून झाली, तुझ्या सासूबाई, बायजाबाई, बाहेर गाठोडं घेऊन बसल्यात — बघितलं मी. पहिली खेप माहेरीच, कोण नको म्हणतंय? माझ्याकडे पाच गावं, तीन पाडे अन् हे दोन पाय — एकजण माहेरी गेली की तेवढीच एक फेरी वाचते. पण हे कार्ड घे. ट्रंकेत ठेवायचं नाही, उद्याच्या उद्या तिकडच्या सिस्टरला दाखवायचं. कशाला म्हणतेस? आमच्या रजिस्टरात इथल्या सुना, तिच्या रजिस्टरात तिकडच्या सुना — माहेरी आलेली पोर कुणाच्याच पानावर नाही. तुझ्या अनंताच्या पहिल्या बायकोचं, चांगुणाचं, तेच झालं ना — तुला काय वेगळं सांगायचं.

थांब, परत बघते. बीपी एकशे साठ. डोकं दुखतं का? कधीपासून? — चांगुणाही तेच म्हणायची, पाय सुजलेले, बीपी वर. बायजाबाई म्हणाल्या, "पयली खेप हाय, पाय सुजतातच." मी म्हटलं, मंगळवारी आणा, भिवंडीला मोठ्या दवाखान्यात पाठवू. त्या रविवारीच तिला पोचवून आल्या. मग मी काय केलं? लिहिलं — माहेरी गेली — अन् पान उलटलं. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं मला. सतराजणी होत्या त्या महिन्यात, एक कमी झाली. तिकडच्या सिस्टरला दोन ओळींची चिठ्ठी — तेवढीही नाही लिहिली. झटके आले तर घरच्यांना वाटलं बाहेरचं काहीतरी आहे, दोन दिवस भगत बसवला. आई गेली, पोटातलं पोर गेलं. एकोणनव्वद साल ते. तेराव्याला गेले तर बायजाबाईंनी मलाच पाणी दिलं, चहा दिला. त्यांना कुठं माहीत, मंगळवारपर्यंत थांबायचंच नव्हतं — त्याच दिवशी पाठवायचं होतं. मला माहीत होतं.

अशी काय बघतेस?

कावीळ? काविळीनं गेली असं सांगितलं तुला? लग्न ठरवताना?

कावीळ नव्हती गं.

मी जास्तच बोलले. दमलं की होतं असं. ऊठ — हळू, टेबलाला धरून. खारबावची गाडी जाऊ दे, आज तुला भिवंडीला न्यायचंय, मीच येते बरोबर. रडू नकोस. बाहेर सावलीत बस जा, अन् बायजाबाईंना आत पाठव — एकट्यांना. दार लोटून घे.